लगतचं माणूस

बीडात एखादा म्हातारा स्टूल टाकून तुमच्या दुकानासमोर बसला, मांडीवर फळी घेतली, फळीवर कागद लावला आणि तुमच्या ओट्याकडं टक लावून बघायला लागला, तर तुम्ही काय समजाल? अतिक्रमण. दुसरं काही आमच्या मनात येतच नाही. त्यामुळं माझे घरमालक, म्हणजे काका, जिथं जिथं चित्र काढायला बसायचे तिथं आधी धावपळ व्हायची. कुणी बाहेर टांगलेल्या बादल्या आत घ्यायचं, कुणी बाकडं उचलायचं, कुणी चहा पाठवायचं, कुणी थेट नगरसेवकाला फोन लावायचं. सुभाष रोडवर एका भांडीवाल्यानं तर यांना बघून दुकानापुढं काढलेला पत्राच मागं ओढला. तोवर काकांचा तो पत्रा शाईनं कागदावर काढूनही झाला होता. ते भडकले. जसं होतं तसं ठेवा, म्हणून त्याच्याशी भांडायला लागले. भांडीवाल्याला वाटलं साहेब पुरावा गोळा करतोय, तो हात जोडायला लागला. शेवटी पत्रा मागंच राहिला आणि काकांनी चित्राखाली बारीक अक्षरात टीप लिहिली : ‘काम सुरू केले तेव्हा पत्रा पुढे होता. नंतर मालकाने मागे घेतला.’

तो कागद माझ्याकडं आहे. असे पुष्कळ आहेत. त्यातल्या एकावर माझ्याबद्दलही एक टीप आहे, आणि ती खरी आहे, हेच माझं दुखणं आहे.

काका मोजणी खात्यातून रिटायर झालेले. सगळी गल्ली त्यांना मोजणीकाका म्हणायची. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशाखाली शाईचा डाग. प्रत्येक शर्टावर त्याच जागी. भाजी घेऊन आले की भाव सांगायच्या आधी अंतर सांगायचे, मंडईपासून घर इतकी पावलं. एखाद्या दिवशी दोन पावलं जास्त भरली तर रस्त्यात म्हैस बसलती, असा खुलासाही द्यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्यात. तो दिवाळीत यायचा, दोन दिवस राहायचा आणि जाताना दर वर्षी तेच सांगायचा की बाबा, मोबाइलवर फोटो काढत जा, एका मिनिटात होतं. काका मान हलवायचे. तो गेला की मला म्हणायचे, एका मिनिटात व्हतं म्हणूनच तर काढत न्हाई.

मी त्यांच्याकडं राहायला आले ती कोर्टात टायपिस्ट म्हणून बदली होऊन. माहेर धारूरचं. लग्न मोडलेलं, वय चौतीस. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की बीडातल्या घरमालकांना शंभर प्रश्न पडतात. तुमचे मालक कुठं असतात, सोबत कोण येणार, रात्री किती वाजता परत येता. सात घरं फिरले आणि डोकं उठलं. आठवं घर काकांचं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, खिडकी कोणत्या अंगाची पायजे. मी म्हटलं, चालेल कुठलीही. तर म्हणाले, चालेल म्हणू नका, बाई, रोज त्यातूनच बघायचंय. मला पश्चिमेची खोली मिळाली. तिच्या खिडकीला निळा रंग होता.

पहिले काही महिने रविवार आला की मला धडकी भरायची. इतर दिवशी कोर्ट असायचं. रविवारी कुणी हाकसुद्धा मारायचं नाही. संध्याकाळी बोलायला गेलं तर घसा बसलेला असायचा, कारण सकाळपासून एक शब्द बोललेला नसायचा. असल्याच एका रविवारी काकांनी दारावर टकटक केली आणि विचारलं, छत्री धरता येती का. चित्रावर ऊन पडलं की डोळे दिपतात, माणूस पायजे. मला रागच आला. मी काय छत्री धरायला ठेवलेली आहे? पण गेले. दुसरं होतं काय करायला?

राजुरी वेशीपाशी बसलो. काकांनी शाईची बाटली काढली, टाक काढला. हो, टाक, बुडवून लिहायचा. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. आधी अर्धा तास नुसतं बघत बसले. मी म्हटलं, काका, काढा की. म्हणाले, वळख होऊ द्या. मग एकेक रेघ. चुकली तर चुकली, तशीच ठेवायची, शेजारून दुसरी मारायची. रेघ मारता मारता माणूस उठून गेला तर त्याचं अर्धंच चित्र राहायचं. वेशीखाली एक बाई बोरं विकत होती, ती मध्येच टोपली उचलून गेली, तर कागदावर टोपली आणि दोन हात तेवढे आले. आणि सगळं झाल्यावर उठायचं नाही. शाई वाळेपर्यंत तिथंच बसायचं. मला वाटायचं हा निव्वळ वेळेचा सत्यानाश आहे. पुढं कळलं की शहर दिसायचं ते त्याच वेळात. हात रिकामे असायचे, काढायचं काही उरलेलं नसायचं, आणि मग डोळ्याला दिसायचं की समोरच्या चपला शिवणाऱ्याचा डबा शेजारचा फुलवाला उघडतो आणि दोघं त्यातच जेवतात. त्या वेशीखालून मी रोज कोर्टाला जायचे. सहा महिने गेले होते, मला दोघांपैकी एकही माहीत नव्हता.

आता त्यांचं सगळ्यात मोठं खूळ सांगते. चित्र वाळलं की ते कागदाच्या तळाशी लिहायचे ‘हजर’, आणि जे कुणी आसपास होते त्यांच्या सह्या घ्यायचे. चपलावाल्याची, फुलवाल्याची, रिक्षावाल्यांची. लोक घाबरायचे. सही म्हणजे काय भानगड? काका समजावून सांगायचे की जमीन मोजायची तर लगतच्या लोकांना आधी नोटीस द्यावी लागते. लगतचे म्हणजे ज्यांची हद्द आपल्या हद्दीला लागते ते. ते येऊन उभे राहतात, मोजणी बघतात, सही करतात. आला तो हजर. नोटीस मिळूनही आला नाही तो गैरहजर. आणि ज्याला नोटीसच गेली नाही त्याला गैरहजर लिहायचा अधिकार कुणालाच नाही. शेजारी कुणी उभं नसताना केलेली मोजणी म्हणजे एकट्यानं म्हणलेलं, ती खरी धरत न्हाईत, असं ते म्हणायचे. माझीही सही प्रत्येक कागदावर असायची. ‘हजर : भाडेकरू बाई’ आणि पुढं माझी सही. मी हसायचे. कोर्टात दिवसभर मी तेच टाइप करायचे, वादी हजर, प्रतिवादी गैरहजर. रविवारीही सुटका नाही म्हणायचे.

एकदा मी चेष्टेत चूक केली. बिंदुसरेच्या पुलावर काढलेल्या चित्रावर सही करायची राहिली होती. घरी आल्यावर म्हटलं, आणा, आता करते, काय फरक पडतो? काकांनी कागद माझ्या हातातून काढूनच घेतला. इतका तुसडेपणा त्यांनी कधी केला नव्हता. मी खोलीत जाऊन दार आपटलं. तासाभरानं ते स्वतःच चहा घेऊन आले, दारातच उभे राहिले आणि सांगितलं.

त्यांना नोकरीला लागून वर्ष झालं होतं. नेकनूरच्या अंगाला दोन भावांचं शेत मोजायचं होतं. धाकटा वारलेला, त्याची बायको होती. तिला नोटीस पोचलीच नव्हती. मोजणी उरकली, आणि वरचे साहेब म्हणाले, उद्या जाऊन तिचा अंगठा घेऊन ये. काका गेले. ती भाकरी थापत होती.

“अंगठ्याला पीठ हुतं,” काका म्हणाले. “म्या म्हणलं, पुसा ताई. तिनं पदराला पुसला आन दिला. कावून ते बी इचारलं न्हाई. मागून कळलं, तिची हीर पलीकडं गेली. तिनं खणलेली हीर, आन हद्दीचा दगड मधी.”

त्यानंतर ते पस्तीस वर्षं मोजणी करत राहिले आणि मागाहून एकही सही घेतली नाही, असं ते म्हणाले. बढतीही मिळाली नाही. चहा गार झाला होता, तरी मी पिऊन टाकला.

असे तीन वर्षांत आम्ही बीड काढलं. मी म्हणते आम्ही, पण मी छत्रीच धरत होते. एसटी स्टँड, कोर्टाबाहेरचे टायपिंगवाले, कंकालेश्वराच्या देवळाभोवतीच्या पाण्यात पाय सोडून बसलेली पोरं, जालना रोडवरचे क्लासचे बोर्ड, आणि त्या बोर्डांखाली वडापावच्या कागदावर गणित सोडवणारी एक मुलगी. मला शहरात वीस-पंचवीस माणसं नावानं ओळखायला लागली. भाजीवाली मला हाक मारायची. रविवारची धडकी गेली. हे सगळं काकांमुळं झालं, हे मला तेव्हा समजत होतं की नाही, देव जाणे. समजत असतं तर पुढचं घडलं नसतं.

एकदा मी सहज विचारलं, काका, सगळं बीड काढलं, आपलं घर कावून काढत न्हाई? त्यांनी टाक पुसून ठेवला. मग बोटावर मोजून दाखवायला लागले. उत्तरेचं घर बंद, ती मंडळी कधीच संभाजीनगरला गेली. दक्षिणेला मोकळा प्लॉट, एका पुढाऱ्याचा, तो त्यानंही कधी पाहिला नसेल. पूर्वेला रस्ता, रस्त्यापलीकडं चाचांचं हॉटेल, पण मध्ये रस्ता आला की लगत धरत नाहीत. मुलगा पुण्यात.

“माझ्या घराला लगत कोण हाय, बाई?” ते म्हणाले. “एकट्याचं खरं धरत न्हाईत.”

मी काहीतरी गमतीचं बोलले आणि विषय बदलला. मला त्यांच्या आवाजानं कसंतरी झालं होतं आणि तसं झालं की मी गंमत करते, ही माझी जुनी खोड.

त्यानंतर थंडीत एका गुरुवारी माझ्या दाराखालून एक कागद आत आला. काकांचं अक्षर. ‘आपणांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी आठ वाजता निम्नस्वाक्षरीकाराच्या राहत्या घराचे चित्र काढण्यात येणार आहे. आपण सदर घरास पश्चिमेकडून लगत असल्याने समक्ष हजर राहावे.’ मी पोट धरून हसले. त्याच घरात राहणाऱ्या बाईला लगत म्हणतात! शुक्रवारी तो कागद मी कोर्टात नेला आणि डबा खाताना सगळ्यांना वाचून दाखवला. निम्नस्वाक्षरीकाराला तर टाळ्याच पडल्या. हसताना माझ्या मनातसुद्धा आलं नाही की मुलाला असाच कागद रजिस्टर पोस्टानं गेलाय, आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आपलं लगतचं माणूस म्हटलंय, ते मला.

शनिवारी रात्री बहिणीचा फोन आला. तिला नेकनूरला दिलेली. शेतात हुरडा आहे, सगळे जमणार, तू ये. मला हुरडा म्हटलं की राहवत नाही, आणि खरं सांगायचं तर रविवारी छत्री धरायचा कंटाळाही आला होता. म्हाताऱ्याचं काय, रोजचंच आहे, पुढच्या रविवारी काढतील. सकाळी साडेसातला बाहेर पडले तर काका चाचांच्या हॉटेलाशेजारी स्टूल मांडत होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मला वाटलं होतं की त्यांना दिसायच्या आत निसटावं. आता दिसलेच म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले, जरा जाऊन येते काका, दहापर्यंत येतेच. ते म्हणाले, या या, मी थांबतो. दहाला माझ्या हातात कणीस होतं.

मी आले ती दिवे लागल्यावर. येताना त्यांच्यासाठी हुरडा आणला होता, तिळाच्या चटणीसकट. त्यांनी खाल्ला. लई गोड हाय म्हणाले. मी विचारलं, झालं का चित्र? झालं म्हणाले. दाखवा म्हटलं तर म्हणाले, वाळतंय अजून. मला बरंच वाटलं, म्हणजे माझ्यावाचून काही अडलं नाही. रागावतील असं वाटलं होतं, ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते, दार आपटलं असतं, चहा आला असता. पण त्यानंतर त्यांनी छत्रीसाठी टकटक केली नाही. मी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. आणि मीही, बेशरम मी, त्यावर विश्वास ठेवला, कारण ते सोयीचं होतं.

उन्हाळ्याच्या आधी मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. अकराव्या मजल्यावर. गाडीत बसताना त्यांनी टाक आणि शाईची बाटली माझ्या हातात दिली. वरून नुसत्या गच्च्या दिसतात, म्हणाले. फोनवर दोनदा बोललो. तिसऱ्यांदा मी फोन केला तो मुलानं उचलला आणि सांगितलं की बाबांना जाऊन तीन आठवडे झाले, दहावं-तेरावं सगळं उरकलं, गडबडीत तुम्हाला कळवायचं राहिलं. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि एकदम मनात आलं की नोटीस नव्हती, म्हणून तिथं तरी मला गैरहजर लिहिता येणार नाही. असला विचार मनात आला म्हणून स्वतःची चीड आली, आणि मग मी रडले. ओट्यावर बसून, गल्ली बघत होती तरी.

घर विकायला काढलं तेव्हा मुलगा कागदांचा गठ्ठा रद्दीला बांधत होता. मी मागितला, त्यानं लगेच दिला, आणि वर ओझं गेलं म्हणून आभार मानले. वाईट माणूस नव्हता तो. सगळ्यात खाली ते चित्र होतं. घर. दार, ओटा, बाजूच्या बोळाच्या टोकाला माझ्या मागच्या खिडकीची बाहेर आलेली उघडी झडप. आणि घराची सावली पुढं रस्त्यावर पडलेली, थेट गटारापर्यंत. मी ती सावली बघत बसले. घराचं तोंड पूर्वेला. सकाळी उन्हं दारावर येतात. सावली रस्त्यावर पडायची तर सूर्य घरामागं जायला पाहिजे, म्हणजे दुपार कलायला पाहिजे. स्टूल तर त्यांनी साडेसातलाच मांडलं होतं.

तो कागद घेऊन मी रस्ता ओलांडून चाचांकडं गेले. तळाशी ‘हजर’ याखाली एकच सही होती, उर्दूतली, त्यांची.

“दिवसभर बसलते,” चाचा म्हणाले. “मी म्हणलं काका, काढा की, ऊन चाललं. तर म्हणले, बाई दहाला येती म्हणली हाय. चार वाजता काढाय घेतलं. मला म्हणले, चाचा, तुमी लगतमधी येत न्हाई, पण सही करा.”

त्या सहीखाली दोन ओळी आहेत. ‘लगत कब्जेदार : १) चिरंजीव. कळविले होते. गैरहजर. २) भाडेकरू बाई. कळविले होते. गैरहजर.’ माझ्या ओळीतली शाई एका ठिकाणी जाड झालीय, टाक तिथं जरा जास्त टेकलाय. मी कोर्टात हा शब्द हजारदा टाइप केला असेल. एकदाही तो वाचला नव्हता, हे मला त्या हॉटेलात कळलं. माझ्याकडं त्यांचाच टाक होता, त्यांचीच शाई होती. त्या ओळीपुढं सही करायला मला एक क्षण पुरला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. मी टाक बुडवलाही. मग पिठाचा अंगठा आठवला आणि टाक पुसून ठेवला.

आता तिथं घर नाही. खड्डा खणलाय, सळया उभ्या आहेत, आणि मागच्या भिंतीचा एक तुकडा तेवढा राहिलाय. त्यावर माझ्या खिडकीचा निळा रंग दिसतो. मागच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी चाचांच्या हॉटेलाशेजारी स्टूल टाकलं, फळी घेतली आणि अर्धा तास नुसती बघत बसले. तेवढ्यात बांधकामावरचा माणूस धावत आला. मॅडम, नगरपालिकेतून का, परवानगी हाय आमची. मी म्हटलं, बसा हो, चित्र काढतेय. तो बसला. माझ्या रेघा वाकड्या येतात, सळया गवतासारख्या दिसतात. दहा वाजता माझं लक्ष घड्याळाकडं गेलं, आणि नंतरही बराच वेळ मी नुसतीच टाक धरून बसले होते.

चित्र झालं. खाली ‘हजर’ लिहिलं, सही केली. बांधकामवाल्यानं केली, चाचांनी केली. सही करून चाचांनी कागद तसाच हातात धरला.

“आन काकांचं काय लिवायचं? गैरहजर?”

मी नाही म्हटलं. ज्याला कळवता येत नाही त्याला गैरहजर लिहायचा अधिकार कुणालाच नाही. मी ‘लगत’ असं लिहिलं, पुढं त्यांचं नाव लिहिलं, आणि त्यापुढची जागा कोरी सोडली. चाचांनी चहा ठेवला. शाई अजून ओली होती, म्हणून मी उठले नाही.